विश्लेषण : ‘जय’ची बातमी देशभर, मग तारेची बातमी कुठे?

वाघ बेपत्ता झाला की आपण हळहळतो, वाघाने माणूस मारला की संतापतो. या दोन्ही भावना मोबाइलच्या पडद्यावर तयार होतात आणि तिथेच विरतात. भंडारा जिल्ह्यातील काही घटनांच्या आधारे समजून घेऊ, बातमी प्राण्यांविषयीचे आपले मत कसे घडवते आणि तिच्यातून नेमके काय निसटते.

सन २०२४ सरताना आणि २०२५ उजाडताना, जेमतेम आठवडाभराच्या अंतराने, वाघाच्या दोन बातम्या आल्या.

पहिली ३१ डिसेंबरची. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव सफारीत एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते. पुढेही पर्यटकांच्या जिप्सी, मागेही जिप्सी. वाघिणीला वाट नव्हती. पर्यटकांनीच काढलेली चित्रफीत काही तासांत राज्यभर पोहोचली.

दुसरी बातमी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. भंडारा जिल्ह्यातील तुमसर वनपरिक्षेत्रात वाघाचा मृतदेह सापडला. त्याचे चार तुकडे केलेले होते. रानडुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेला लागून तो मेला आणि नंतर त्याचे तुकडे करून टाकण्यात आले, असे तपासात पुढे आले. संशयितांना अटक झाली.

पहिल्या बातमीनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली. सफारीत किती वाहने असावीत, दोन वाहनांत किती अंतर असावे, यावर चर्चा सुरू झाली. ते योग्यच झाले. दुसरी बातमी आमच्या पोर्टलवर तरी अटकेपाशी येऊन थांबली. ती तार कुठून आली, तिच्यात वीज कुठून आली आणि अशा आणखी किती तारा आजही रात्री जिवंत होतात, याची बातमी आम्ही केली नाही.

मी डिजिटल डेस्कवर काम करतो. कोणती बातमी किती जण वाचत आहेत, हे आमच्या पडद्यावर दर मिनिटाला दिसते. त्यामुळे हे विश्लेषण वाचकांवर बोट ठेवण्यासाठी नाही. यातला मोठा वाटा आमचाच आहे.

‘जय’ला एवढी प्रसिद्धी कशी मिळाली?

भंडाऱ्यात वाघ म्हटले की आजही पहिले नाव ‘जय’चे निघते. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये शेते, रस्ते आणि नदीनाले ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात आला. नाव ‘शोले’तल्या जयचे. त्याच्या भावाचे नाव अर्थातच वीरू. नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्यातील पवनी तालुक्यात पसरलेले हे अभयारण्य तेव्हा नवे होते. जयमुळे पर्यटक येऊ लागले, जिप्सी वाढल्या, गावातल्या पोरांना मार्गदर्शकाचे काम मिळाले.

वृत्तवाहिन्यांनी आणि संकेतस्थळांनी त्याला ‘आशियातील सर्वात मोठा वाघ’ ठरवून टाकले. जंगलातल्या वाघांची अशी मोजणी कोणी करत नसते. पण मथळा चालला आणि तो विशेषण म्हणून जयला कायमचा चिकटला.

एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरचा संदेश येणे बंद झाले. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. शोधमोहीम निघाली, माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, सीबीआय चौकशीची मागणी झाली. देशभरातल्या माध्यमांनी ‘जय कुठे आहे’ हा प्रश्न महिनोन्‌महिने विचारला. त्याचे काय झाले, याचा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही.

आता याचाच पुढचा भाग पाहा. जयचा बछडा समजला जाणारा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात मेला. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. एका शेताच्या कुंपणाला लावलेल्या जिवंत तारेचा धक्का बसून तो गेला आणि त्याला तिथेच पुरण्यात आले. म्हणजे बाप बेपत्ता झाल्यावर वर्षभरातच मुलाच्या मृत्यूने एक कारण स्पष्टपणे समोर ठेवले होते. तरीही आजही ‘जय’ शोधले की तर्कवितर्कांच्या बातम्यांची रांग लागते. श्रीनिवासच्या बातम्या त्यामानाने थोड्या आणि कुंपणातल्या विजेच्या त्याहून थोड्या.

नाव दिल्याने नेमके काय होते?

माणसाचे मन आकड्यांपेक्षा एका चेहऱ्याकडे ओढले जाते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच हा फरक मांडला होता. आजारी असलेल्या एका मुलीसाठी लोक पैसे पाठवतील. पण रुग्णालयाच्या दुरवस्थेमुळे वर्षभरात काही मृत्यू वाढतील, असे सांगितले तर फारसे कोणी हलणार नाही. प्राण्यांचेही तसेच आहे. ‘एक प्रौढ नर वाघ’ मेला तर ती नोंद असते. ‘जय’ गेला तर घरातले कुणी गेल्यासारखे वाटते.

जगातले याचे गाजलेले उदाहरण झिम्बाब्वेतल्या ‘सेसिल’ या सिंहाचे. जुलै २०१५ मध्ये एका अमेरिकी दंतवैद्याने त्याची शिकार केली. सेसिलच्या गळ्यातही संशोधकांची कॉलर होती. जगभर संताप उसळला. त्याच्यावर संशोधन करणाऱ्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटाकडे सुमारे १० लाख डॉलरच्या देणग्या जमा झाल्या. लाट मात्र काही आठवड्यांत ओसरली. सिंहांचे बहुतांश मृत्यू ज्या कारणांनी होतात, म्हणजे कमी होत जाणारे जंगल, गावकऱ्यांशी संघर्ष आणि फासे, त्या कारणांना असे नाव आणि चेहरा नव्हता.

माध्यमांच्या अभ्यासात याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगितली जाते. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा सूर असा, की लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, हे माध्यमे कोणत्या प्रश्नांना जागा देतात यावर बरेच अवलंबून असते. हा अभ्यास अमेरिकी निवडणुकीचा होता. पण तुमसरच्या वाघाला दोन दिवस आणि जयला काही वर्षे जागा मिळते, तेव्हा तेच घडत असते. आपण ‘जयचे काय झाले’ यावर मत बनवतो. ‘शेतात तार का लागते’ यावर मत बनवायची वेळच येत नाही.

‘अवनी’ की ‘टी-१’?

नावाचा खेळ यवतमाळ जिल्ह्यात सर्वात ठळकपणे दिसला. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेल्या वाघिणीला वनविभागाच्या कागदावर ‘टी-१’ म्हणत. वन्यजीवप्रेमींनी आणि माध्यमांनी तिला ‘अवनी’ म्हटले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिचे दोन बछडे मागे राहिले.

शहरांत मेणबत्त्या लागल्या. त्या भागातल्या गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. एकाच घटनेला दोन टोकांचे प्रतिसाद आले, कारण दोन्हीकडच्या लोकांपर्यंत दोन वेगळ्या गोष्टी पोहोचल्या होत्या. एका गोष्टीत दोन पिल्लांची आई होती. दुसऱ्या गोष्टीत अंधार पडायच्या आत जनावरे घरी आणणारा गुराखी होता. अवनीचे नाव देशाला पाठ झाले. त्या १३ जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का? मला आठवत नाही, आणि त्या काळातल्या बातम्या मी कामासाठी अनेकदा उघडल्या आहेत.

याची उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळाली. गडचिरोलीतील वडसा, भंडाऱ्यातील लाखांदूर आणि चंद्रपुरातील ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात एका वाघाच्या हल्ल्यांत १३ जणांचा जीव गेला. त्याचे नाव होते ‘सीटी-१’. यातले ‘सीटी’ म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट टायगर’, अर्थात संघर्षातला वाघ. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याला वडसाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडले आणि नागपूरला गोरेवाड्यात नेले. मृतांची संख्या अवनीइतकीच. पण त्याच्यासाठी ना मेणबत्त्या लागल्या, ना देशभर वाद झाला. फाइलीतल्या नावावर कोणाचे प्रेम बसत नाही.

यातला चांगला भाग असा, की त्या वाघाला मारावे लागले नाही. पण हे आम्ही किती जागा देऊन सांगितले? ‘नरभक्षक अखेर जेरबंद’ हा मथळा सगळीकडे होता. असे मथळे मी स्वतः लिहिले आहेत. ‘नरभक्षक’, ‘थरार’, ‘दहशत’ हे शब्द टाकले की वाचकसंख्येची रेषा वर जाते, हे डेस्कवरच्या नवख्यालाही आठवड्यात कळते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये याविषयी जे कलम ११ आहे, त्यात ‘नरभक्षक’ असा प्रकार नाही. तिथे शब्द आहेत ‘मानवी जीवितास धोकादायक’. फरक लहान वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईवर अचानक झालेला हल्ला आणि माणसाला भक्ष्य समजून पुन्हा पुन्हा केलेला हल्ला या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या हल्ल्यानंतरच ‘नरभक्षक’ लिहिले की गावाचे मत तिथेच ठरून जाते. मग ‘पकडा नाहीतर मारा’ यापलीकडे बोलणे सरकत नाही.

बातमीतून काय निसटते?

निसटते ती तार. मी इलेक्ट्रिकल शाखेचा अभियंता असल्याने हा भाग थोडा सविस्तर सांगतो.

धानाच्या बांधीत रानडुकरांचा कळप एका रात्रीत शिरला तर हातातोंडाशी आलेले पीक आडवे होते. त्यासाठी, किंवा डुकराच्या मांसासाठी, काही जण बांधाच्या कडेने खुंट्या ठोकून गुडघ्याच्या उंचीवर लोखंडी तार ओढतात. तिच्यात वीज दोन प्रकारे सोडली जाते. एक, शेतातल्या कनेक्शनवरून किंवा घरगुती लाइनवरून २३० व्होल्टची. दोन, वरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकून.

आता साधा हिशेब करू. ओल्या अंगाच्या माणसाच्या शरीराचा विरोध ढोबळमानाने १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह शरीरातून जमिनीत जातो. घरात जीव वाचवण्यासाठी जो आरसीसीबी बसवतात, तो ०.०३ अँपिअरलाच वीज तोडतो. म्हणजे तारेतला प्रवाह या मर्यादेच्या सातपटीहून अधिक आहे. ही वीज चोरून घेतलेली असल्याने वाटेत आरसीसीबी नसतोच. धानाची जमीन ओली, वाघाचे पाय उघडे. पुढे काय होते ते सांगायला नको.

मग ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर असे घडल्यावर उपकेंद्रात वीज का तुटत नाही? कारण तिथली यंत्रणा प्रामुख्याने मोठ्या बिघाडासाठी असते. एका प्राण्याच्या शरीरातून आणि मातीतून जमिनीत जाणारा प्रवाह त्या वाहिनीच्या एकूण भारापुढे फार लहान असतो. पडद्यावर तो गर्दीच्या वेळच्या चढउतारासारखाच दिसतो. वाघ मरतो, वाहिनी सुरूच राहते. असे लहान गळतीप्रवाह ओळखणारी संरक्षण व्यवस्था अस्तित्वात आहे. जंगलालगतच्या वाहिन्यांवर ती कुठे आहे आणि कुठे नाही, हा खरे तर बातमीचा विषय आहे.

या तारेला वाघ, बिबट, रानगवा कळत नाही, तसा माणूसही कळत नाही. पहाटे पाणी वळवायला निघालेला शेतकरी, शेजारच्या शेतातला मजूर किंवा गावचे गुरू तिला लागते. तेव्हाही बातमी ‘विजेच्या धक्क्याने मृत्यू’ अशी चार ओळींची होते आणि तिचा वाघाच्या बातमीशी संबंध जोडला जात नाही. खरे तर दोन्ही मृत्यूंचे कारण एकच असते.

तार लावणारा गुन्हेगार नाही का?

कायद्याने आहेच. वाघाच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे आणि कायद्याच्या भाषेत सापळा लावणे हीसुद्धा शिकारच. शिवाय वीजचोरीचा गुन्हा वेगळा, वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली. मांसासाठी सराईतपणे तारा लावणाऱ्यांविषयी सहानुभूती बाळगायचे कारण नाही.

पण सगळे तसे नसतात. पवनी तालुक्यात माझ्या मामांची शेती आहे. ते तार लावत नाहीत, रात्री मचाणीवर बसून डबा वाजवतात. मागच्या दिवाळीत मी वाघांच्या बातम्यांविषयी बोलत होतो, तर म्हणाले, ‘वाघाचा नाव तुमच्या पेपरात रोज येते बापा, आमच्या धानाचा कधी येते?’ मला उत्तर देता आले नाही.

त्यांच्या प्रश्नात तीन बातम्या दडल्या आहेत. पहिली, शेतीची वीज. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्री वीज मिळण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. उन्हाळी धानाला पाणी द्यायचे तर शेतकऱ्याला रात्रीच बांधावर जावे लागते, ज्या वेळी बिबट आणि वाघही फिरत असतात. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. भंडाऱ्यातल्या जंगलालगतच्या किती गावांना ती दिवसाची वीज प्रत्यक्षात मिळते, हे गावनिहाय छापले तर वाघावरच्या दहा बातम्यांपेक्षा ते अधिक कामाचे ठरेल.

दुसरी, सौर कुंपण. यात सतत वीज वाहत नाही. यंत्र साधारण सेकंदाला एक, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लहान असा झटका तारेत सोडते. प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते. किती जणांनी अर्ज केले, किती जणांना कुंपण मिळाले, मिळालेल्या किती यंत्रांच्या बॅटऱ्या आज चालू आहेत, ही बातमी कंटाळवाणी दिसते. पण वाघ वाचवायचे काम तीच करू शकते.

तिसरी, नुकसानभरपाई. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याचा राज्याचा निर्णय आहे आणि त्याच्या बातम्या होतात. रानडुकराने केलेल्या पीकहानीचा पंचनामा किती दिवसांत होतो आणि पैसे कधी येतात, याच्या होत नाहीत. तार लावायची की नाही, हे शेतकरी बहुतेक वेळा याच दुसऱ्या अनुभवावरून ठरवतो.

हा प्रश्न फक्त वाघाचाच आहे का?

नाही. आपल्याकडच्या शंकरपटाचेच पाहा. पट, मंडई आणि रात्रीचे झाडीपट्टी नाटक हा भंडाऱ्याच्या हिवाळ्याचा भाग. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्या पुन्हा घेण्यास परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

नऊ वर्षांच्या या काळात वाचकांना दोनच बाजू दाखवल्या गेल्या, ‘परंपरा’ आणि ‘क्रौर्य’. बंदी आली तेव्हा शेतकऱ्याची नाराजी छापली, बंदी उठली तेव्हा गुलाल छापला. पण परवानगी सरसकट मिळालेली नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक-काठी आणि विजेचा धक्का देणाऱ्या उपकरणांना मनाई अशा अटी आहेत. पटावरच्या बैलांचे भले याच अटींच्या पालनात आहे. पट झाल्यावर आम्ही कोणती जोडी जिंकली ते देतो. किती जोड्या तपासणीत नापास झाल्या, दाणीवर डॉक्टर होता का, हे देत नाही. ज्याला पट हवा आहे आणि ज्याला नको आहे, अशा दोघांनाही ही माहिती लागेल.

बातमीने खरेच काही बदलते का?

बदलते, आणि म्हणूनच जबाबदारी वाढते. गोठणगावच्या चित्रफितीचे उदाहरण वर आलेच आहे. त्याहून मोठे उदाहरण भटक्या कुत्र्यांचे. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या मुलांना कुत्रे चावल्याच्या एका इंग्रजी दैनिकातील बातमीची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. देशभर वाद पेटला. २२ ऑगस्टला दुसऱ्या पीठाने तो आदेश बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद ठेवला.

चार आठवड्यांत एका बातमीपासून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश झाले. या काळात पडद्यावर एकीकडे चावा घेतलेले मूल होते, दुसरीकडे गाडीत कोंबलेला कुत्रा. या दोन चित्रांच्या मधे जो खरा प्रश्न होता, म्हणजे नगरपालिका दरवर्षी किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण करतात आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस असते का, तो मात्र मागेच राहिला. हे दोन्ही प्रश्न भंडारा, तुमसर, साकोलीलाही विचारता येतात.

मग आम्ही काय करायला हवे?

माझ्या मते, फार मोठे काही नाही. वाघ, बिबट किंवा कोणताही वन्यप्राणी मेला की पाच प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बातमी संपली असे समजू नये : मृत्यूचे कारण काय ठरले? वीज असेल तर कोणत्या वाहिनीवरून? तिथे याआधी असे घडले होते का? गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदवला? खटल्याचे पुढे काय झाले? शेवटचा प्रश्न दोन वर्षांनी विचारावा लागतो. तेव्हा ट्रेंड नसतो, म्हणूनच तो विचारणे हे आमचे काम आहे.

माणूस मेला तर त्याला ‘वृद्ध’ किंवा ‘महिला’ एवढ्यावर सोडू नये. तो जंगलात का गेला होता, घरी कोण आहे, त्या कुटुंबाला मदत मिळाली का, हे यावे. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. तेंदूच्या हंगामात पहाटेच जंगलात का जावे लागते, हे कळले तर वाचक ‘जंगलात जायचेच कशाला’ असे लिहिण्याआधी थांबेल.

वाघाला नाव देऊ नये, असे मी म्हणणार नाही. नावामुळेच जयसाठी लोकांनी प्रश्न विचारले. पण नाव बातमीचे दार असावे. आत गेल्यावर वाचकाला तार, वीज आणि धान दिसले पाहिजे.

आणि वाचकाने?

वन्यप्राण्याची चित्रफीत पुढे पाठवण्याआधी ती कुठली आणि कधीची आहे ते पाहा. वाघाचे नेमके ठिकाण सांगणारा मजकूर पाठवू नका. त्यामागे गर्दी जाते, कधी शिकारीही जातो. गावाजवळ वन्यप्राणी दिसला किंवा शेतात संशयास्पद तार दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तारेला हात लावू नका, ती बंद असल्यासारखी दिसली तरी.

आणि एक विनंती. अशा कंटाळवाण्या बातम्या कधीतरी शेवटपर्यंत वाचा. आमच्या पडद्यावरची रेषा तुमच्या बोटाने हलते. ‘नरभक्षक’वर ती जितकी वर जाते तितकी ‘सौर कुंपणाचे अर्ज प्रलंबित’ या बातमीवर गेली, तर उद्या सकाळी डेस्कवर त्याच विषयाची दुसरी बातमी मागितली जाईल. तुमसरच्या त्या वाघाला नाव नव्हते. पुढचा वाघ तारेला लागू नये, यासाठी त्याला नाव असण्याची गरजही नाही.